उपनगरांतील शेजार आणि ज्ञातिवसाहती

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या ज्ञातिवसाहतींच्या इमारतींचे सध्या ठिकठिकाणी पुनर्विकसन चालू आहे. तीन-चार मजल्यांच्या चाळवजा घरांच्या जागी उत्तुंग मनोरे उभे राहात आहेत. जुन्या सभासदांना घरे देऊन ज्या सदनिका शिल्लक राहतात त्या कोणास द्याव्यात, आपल्याच ज्ञातीतील माणसास की कोणाही सद्गृहस्थास, हा प्रश्न अशा वेळी हटकून उपस्थित होतो. आपल्या ज्ञातिबांधवांतही त्याची चर्चा होत असते. त्याचे उत्तर भावनेच्या भरात देण्यापूर्वी ही उपनगरे वसली कशी व कोणी वसविली, याकडे एकवार दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल, अशा समजुतीने आम्ही हा अल्प प्रयत्न करीत आहोत.

उपनगरांचा बहुतेक प्रदेश म्हणजे पूर्वीचे साष्टी बेट होय. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, वारली अशा नाना जमाती तेथे पूर्वापार राहात आल्या. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि येथील पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पुढे १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्ये बदलली, पण गावठाणे तीच राहिली. येथील ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. गोवा व मंगळूर येथून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख निराळी राहावी, हा त्यामागील हेतू होता. या लोकांची घरची बोली मात्र मराठीच. सारांश, आपण ज्यांना उपनगरांचे मूळ रहिवासी म्हणतो तेसुद्धा एका धर्माचे वा एका जातीचे कधीच नव्हते.

या बेटावर बाहेरून वस्ती येऊ लागली ती दळणवळणाच्या सोयींमुळे. माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ साली खुला झाला, तो जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून. एका पारशी बाईच्या पैशाने बांधलेल्या त्या वाटेवरून आजतागायत सर्व जातिधर्मांची माणसे ये-जा करीत आहेत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८६७ साली विरारहूनही गाडी मुंबईस येऊ लागली. तथापि लोकांना शहराबाहेर खरोखर लोटले ते प्लेगने. १८९६ साली मांडवी भागात ही साथ उद्भवली. अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसे दाटीने राहतात हे रोगाचे एक मोठे कारण मानले गेले आणि १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दादर-माटुंगा-शीव या बाजूस रुंद रस्ते, बागा व मोकळी जागा सोडून आखलेले भूखंड भाडेपट्ट्याने देण्यास प्रारंभ केला. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. १९२५ साली विजेची गाडी धावू लागली आणि कचेरीतील कारकुनासही दूर राहणे परवडू लागले.

भूखंड होते, गाडी होती. परंतु सामान्य मिळकतीच्या माणसाजवळ घर बांधण्याइतके भांडवल नव्हते. ते सहकाराने उभे केले. सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला तो पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांनाही ही वाट मोकळी झाली. १९१५ साली गावदेवी येथे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आशिया खंडातील अशा प्रकारची ही पहिली संस्था म्हणून गणली जाते. १९१८ साली वांद्रे येथे साल्सेट कॅथॉलिक संस्था निघाली. दादरला इंजिनियर मंचेरजी जोशी यांच्या खटपटीने मध्यम स्थितीतील पारशी कुटुंबांसाठी पारशी कॉलनी वसली. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी वसली, तर माटुंग्यास दाक्षिणात्य व गुजराती मंडळींनी बिऱ्हाडे केली.

या संस्था ज्ञातीच्या पायावरच का उभ्या राहिल्या, याचा नीट विचार केला पाहिजे. सहकारी कर्जाचा आधार म्हणजे परस्परांचा विश्वास. अमुक मनुष्य हप्ता वेळेवर भरील की नाही, हे त्याच्या ज्ञातीतील लोक जाणत असत. शिवाय परगावाहून आलेल्या कुटुंबास खाणेपिणे, सणवार आणि अडीनडीची मदत या दृष्टीने आपल्या माणसांचा शेजार हवासा वाटे. तेव्हा ज्ञातिवसाहत ही त्या काळी गरजेतून उत्पन्न झाली, दुसऱ्याच्या द्वेषातून नव्हे, असे म्हणणे बव्हंशी न्याय्य ठरेल. ज्यांनी पदरमोड करून त्या उभारल्या त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगणे हे आपले कर्तव्यच आहे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा होईल. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना कोठेही बिऱ्हाड मिळेना. नाइलाजाने ते नाव बदलून एका पारशी वसतिगृहात राहिले. ते कळताच लाठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना त्याच दिवशी जागा सोडावी लागली. दोघा परिचितांनीही आश्रय देण्याचे टाळले, आणि एवढा विद्वान मनुष्य डोक्यावर छप्पर नाही म्हणून मुंबईस परतला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले आणि आपला अफाट ग्रंथसंग्रह तेथे ठेवला. आज त्या कॉलनीचे नाव दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे ते त्या घरामुळे. ज्यास एका गावाने दार लावले त्याने दुसऱ्या वस्तीस कीर्ती मिळवून दिली, हा बोध लहान नाही. ज्या समाजांपाशी भांडवल नव्हते व ज्यांचा जामीन कोणी राहात नसे, त्यांच्यासाठी कोणतीही कॉलनी निघाली नाही, हेही आपण ध्यानी घेतले पाहिजे.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि उपनगरांचे रूप पालटले. सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. १९४९ साली तेथेच उल्हासनगर वसले. चेंबूर व मुलुंड येथे सिंधी आणि शीव कोळीवाड्यास पंजाबी निर्वासित आले. काही वर्षांतच त्यांनी दुकाने थाटली, शाळा काढल्या. १९५० व १९५७ साली महानगरपालिकेच्या हद्दी मुलुंड-दहिसरपर्यंत वाढल्या आणि पूर्वीची खेडी एका शहरात सामावली.

या मिश्र वस्तीस सांधणारा दुवा कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही शाळेचे नाव घेऊ. १९२१ साली पार्ल्यास लोकमान्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय निघाले. १९३२ साली दाक्षिणात्य मंडळींनी साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापिली. त्याच पार्ल्यात १९३४ साली गुजराती मंडळींनी केळवणी मंडळ काढले. प्रारंभ एकेका समाजाने केला. परंतु पुढे या संस्थांतून सर्वांचीच मुले शिकली. ज्या घरांनी आपली दारे आखून घेतली होती, त्याच घरांनी शाळेचे दार मात्र मोकळे ठेवले.

हजेरीपट हे उपनगराचे खरे दर्पण होय, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पाटील, डिसोझा, शेख, अय्यर, शहा, कांबळे ही नावे एकाखाली एक वाचताना कोणास काही विशेष वाटत नसे. परंतु १९९२-९३ च्या दंगलींनंतर त्या हजेरीपटावरील काही नावे कमी झाली. या दंगलींत अधिकृत आकड्याप्रमाणे ९०० माणसे प्राणास मुकली. शाळा सोडल्याच्या दाखल्यात कारणाचा एक रकाना असतो. त्यात आम्ही 'स्थलांतर' एवढाच शब्द लिहीत होतो. मुंबईतील पुष्कळ मुसलमान कुटुंबे त्यानंतर मुंब्र्यास व इतरत्र आपल्या लोकांच्या वस्तीत गेली. पूर्वी माणसे सोयीसाठी एकत्र राहात होती. आता ती भयाने एकत्र राहू लागली. ज्ञातिवसाहतीचा मूळ उद्देश आणि ही नवी विभागणी यांत हे मोठे अंतर आहे.

आता कायद्याकडे वळू. अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या पोटनियमाप्रमाणे पारशी मनुष्यासच सभासद होता येत असे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ साली न्यायालयाने तो पोटनियम ग्राह्य धरला. संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे, आणि अशा पोटनियमास मनाई करणारा कायदा विधिमंडळाने केलेला नाही, असा त्याचा आशय होता. उलटपक्षी महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम २३ पात्र मनुष्यास पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू नये असे सांगते. तेव्हा न्यायालयाने केवळ मुभा दिली आहे, आज्ञा नव्हे. मुभेचा उपयोग करावा की न करावा, हे ठरविणे आपल्या हाती राहते.

या ठिकाणी अमेरिकेचे उदाहरण आपणांस जवळचे वाटेल, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले आज तेथील उपनगरांत नांदत आहेत. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाचे उपनगर बांधण्यास प्रारंभ झाला. तेथे सतरा हजारांहून अधिक घरे झाली, पण करारात गोऱ्या वंशाखेरीज कोणी तेथे राहू नये अशी अट होती. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांना अंमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तरी व्यवहारात मज्जाव चालूच राहिला. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातील त्याच नावाच्या वसाहतीत पहिले निग्रो कुटुंब राहावयास आले तेव्हा त्यांच्या घरावर दगड पडले. अखेर १९६८ साली कायद्याने घर देताना वंश, वर्ण, धर्म व मूळ देश पाहण्यास बंदी घातली. १९६५ च्या नव्या कायद्यामुळे आपल्या लोकांना त्या देशाचे दार उघडले होते. ते वस्तीस स्थिरावू लागले तेव्हा हा दुसरा कायदा त्यांच्या पाठीशी होता. न्यूजर्सीमधील एडिसन गावी आज भारतीयांची भरभराट दिसते. १९८७ साली त्याच राज्यातील जर्सी सिटीत भारतीयांवर हल्लेही झाले. परंतु कायदा हल्लेखोरांच्या बाजूचा नव्हता. काळ्या लोकांनी लढून मिळविलेल्या हक्काचे फळ आपल्या मुलांच्या पदरात पडले आहे. तिकडे आपल्या मुलास घर नाकारले गेल्यास आपण अन्याय म्हणून आक्रोश करू. मग इकडे आपण दुसऱ्याच्या मुलास आडनाव विचारून परत पाठवावे, हे कोणत्या न्यायात बसते?

ज्ञातिसंस्थेची आवश्यकता संपली, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, वृद्धांना आधार, आजाऱ्यास मदत, ही कामे आपण आपुलकीने करतो आणि ती करावीतच. आपल्या ज्ञातीचा इतिहास, कुलाचार व बोली जतन करण्यासही आपणच झटले पाहिजे. परंतु ज्या कारणासाठी घराचे दार ज्ञातीपुरते ठेवावे लागले ते कारण आज उरलेले नाही. कर्ज आता बँक देते, ती जामिनाची जात विचारीत नाही. मग मागे उरते ते केवळ दार लावणे.

म्हणून पुनर्विकसनाच्या वेळी नवे पोटनियम मंजुरीसाठी सभेपुढे येतील तेव्हा सभासदांनी ते सह्या करण्यापूर्वी सावकाश वाचावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. सभासदत्वाच्या कलमात मनुष्याची सचोटी व हप्ता भरण्याची ऐपत एवढेच पाहिले जावे. पूर्वजांनी ज्या विश्वासावर आपणांस घरे मिळवून दिली, तो विश्वास आपण शेजाऱ्यावरही ठेवला, तर त्यांच्या कार्याचा वारसा आपण पुढे नेला असे होईल.