सवंगड्याचा हात : स्वमग्न मुलांच्या मैत्रीचा इतिहास

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक छोटेसे गाव आहे. तेथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिप्लेट या मुलाचा जन्म झाला. आईवडिलांच्या हाकेला तो ओ देत नसे, इतर मुलांत मिसळत नसे. वस्तू गरगर फिरवीत तासन् तास एकटाच रमे. स्मरणशक्ती मात्र विलक्षण होती. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून, चार वर्षांचाही झाला नसताना त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. आईवडिलांचे मन मानेना. सुमारे वर्षभरातच त्यांनी त्याला परत आणले व १९३८ साली बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना दाखविले. कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरील आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पहिले मूल म्हणजे डोनाल्ड होय. ‘ऑटिझम’ अर्थात स्वमग्नता या अवस्थेची ओळख जगाला प्रामुख्याने या निबंधाने करून दिली.

पुढील दोन-अडीच दशके मात्र या मुलांच्या मातांना फार जड गेली. आईच्या मायेच्या अभावामुळे मूल स्वमग्न होते, असा समज तज्ज्ञांतही रूढ झाला होता. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथातून या समजाला आव्हान दिले व या अवस्थेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे प्रतिपादन केले. कॅनर यांनीही १९७१ साली त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत कायमची ठेवली गेली, त्यांची वाढ खुंटली होती. डोनाल्ड मात्र पदवीधर होऊन आपल्या गावातील बँकेत नोकरी करीत होता. मुलाभोवती कोणती माणसे आहेत, यावर किती अवलंबून असते, हे त्यातून दिसून आले.

तोवर उपचार म्हणजे शिक्षक आणि मूल यांची बंद खोलीतील शिकवणी, अशीच पद्धत होती. तिच्यातून शब्द येत, सवयी लागत. परंतु मैदानावर ते मूल एकटेच राही. कारण खेळ हा मोठ्या माणसाकडून शिकून येत नाही, तो बरोबरीच्या मुलांतच येतो. फिलिप स्ट्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७-७८ च्या सुमारास नेमकी उलट वाट धरली. त्यांनी एकलकोंड्या मुलाऐवजी त्याच्या सवंगड्यांना शिकविले : खेळायला बोलवा, खेळणे पुढे करा आणि उत्तर आले नाही तरी पुन्हा एकदा हाक मारा. ती मुले हळूहळू प्रतिसाद देऊ लागली. याच विचारातून १९८० च्या दशकाच्या आरंभी पिट्सबर्ग येथे ‘लीप’ ही बालशाळा सुरू झाली. तेथे स्वमग्न मुले व इतर मुले एकाच वर्गात बसत. या पद्धतीची २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ५६ वर्गांत घेण्यात आली व तिचे निष्कर्ष अनुकूल ठरले. पुढे २०१२ साली कॉनी कसारी यांनी ६० मुलांवरील अभ्यास मांडला. एकट्या स्वमग्न मुलाला धडे देण्यापेक्षा त्याच्या वर्गमित्रांना तयार केल्याने ते मूल वर्गाच्या मैत्रीत अधिक सामावले जाते, असे त्यात आढळले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सोबत्याने उपकारकर्ता होऊ नये, आणि स्वमग्न मुलाला ‘इतरांसारखे’ बनविण्याचा अट्टहासही असू नये. ब्रिटनमधील स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली दाखवून दिले की, न समजणे हे दुहेरी असते. स्वमग्न व्यक्तीला जसे आपण उमगत नाही, तशी तीही आपल्याला उमगत नाही. म्हणून शिकण्याची जबाबदारीही दोघांची आहे.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला स्पष्ट स्थान देऊन समावेशक शिक्षणाचा आग्रह धरला. कायद्याने वर्गाचे दार उघडते. बाकावर सरकून जागा मात्र शेजारच्या मुलालाच करून द्यावी लागते, आणि ते संस्कार घरातून व्हावे लागतात.

डोनाल्डची एक आठवण बोलकी आहे. शाळेच्या इमारतीच्या विटा त्याने एका दृष्टिक्षेपात मोजल्या, अशी आख्यायिका गावात पसरली होती. उतारवयात त्याने सांगितले की, तो आकडा त्याने मनानेच ठोकून दिला होता. त्या मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. ज्याला जगाने सर्वप्रथम ‘स्वतःत मग्न’ म्हणून ओळखले, त्याच्याही मनात मित्रांची ओढ होती. गावाने ती ओळखली, हेच डोनाल्डचे भाग्य म्हटले पाहिजे.