निविदेच्या अटींच्या तक्त्याची कुळकथा

टेंडर हातात पडलं की ते वाचणारा माणूस आधी एक्सेल उघडतो. पहिल्या रकान्यात अट क्रमांक, मग पान, अटीचा मूळ मजकूर, पूर्तता आहे की नाही, कागद कोण आणणार आणि शेवटी शेरा. कम्प्लायन्स शीट म्हणतात ती हीच. रोजच्या वापराने ती इतकी अंगवळणी पडली आहे की ज्या स्प्रेडशीटवर ती बेतली आहे तिचा जन्म शब्दांसाठी झालेला नाही, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

1978 साली डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत. एक आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलतील असा फळा ब्रिकलिनला हवा होता. बॉब फ्रँकस्टनने त्याचा प्रोग्राम लिहिला आणि 1979 मध्ये ॲपल टू संगणकावर व्हिजिकॅल्क आलं, 63 स्तंभ आणि 254 ओळींचं. पुढे 1983 मध्ये लोटस 1-2-3 आणि 1985 मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल.

तक्त्यात शब्द शिरले ते गरजेपोटी. अमेरिकी सरकारी निविदेची ठरावीक मांडणी पाहिली की गरज कळते. तिथे काम काय आहे ते ‘सी’ विभागात, प्रस्ताव कसा लिहायचा ते ‘एल’मध्ये आणि गुण कशाला मिळणार ते ‘एम’मध्ये असतं. एकाच गोष्टीचे तीन धागे तीन ठिकाणी. ते एका ओळीत आणून ठेवायला रकान्यांचा कागद सोयीचा, आणि तो बहुतेक कार्यालयांतल्या संगणकांवर आयता होता.

पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. एक्सेलच्या एका चौकटीत 32,767 अक्षरं मावतात, मात्र तो मजकूर म्हणजे एक अट आहे, हे त्या चौकटीला ठाऊक नसतं. प्री-बिड बैठकीनंतर शुद्धिपत्रक निघतं आणि पाच वर्षांच्या अनुभवाची अट तीन वर्षांवर येते. कुणीतरी जुन्या मजकुरावरच नवा टंकतं. आधी काय होतं, कधी बदललं, जुन्या अटीवर विसंबून कुणी कोणतं प्रमाणपत्र मागवलं, यातलं काहीच ओळीत उरत नाही. त्यातून तिघांकडे तीन प्रती असल्या, तर तांत्रिक लिफाफा एका कागदापायी अपात्र ठरू शकतो. महिनाभराची मेहनत अशी वाया जाणं मला फार लागतं.

याच दुखण्यावर विमान, अवकाश आणि संरक्षण क्षेत्रातल्या अभियंत्यांनी वेगळा उपाय काढला होता. प्रत्येक अपेक्षेची स्वतंत्र नोंद, तिचा कायमचा क्रमांक, बदलांचा इतिहास आणि दुसऱ्या नोंदींशी जोडणी, अशी रचना 1990च्या दशकात डोअर्स या सॉफ्टवेअरने रूढ केली. 2008 मध्ये ते आयबीएमकडे गेलं. निविदा वाचण्यासाठी आज जी खास सॉफ्टवेअर विकली जातात, त्यांचा विचार याच घराण्यातला. दस्तऐवज फोडून ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’ असलेली वाक्यं वेचणं ही त्यांची ओळखीची करामत. आपल्याकडे ती अडखळते. ‘सादर करणे बंधनकारक राहील’ हे वाक्य परिशिष्टाच्या तळटीपेत, तेही स्कॅन केलेल्या पानावर असलं, तर माणसाच्या डोळ्यांना पर्याय नाही.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे निविदा काढणाऱ्याकडेही, स्प्रेडशीट घात करते. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने वेस्ट कोस्ट मेन लाइनचा रेल्वे ठेका 15 ऑगस्ट 2012 रोजी फर्स्टग्रुपला जाहीर केला आणि 3 ऑक्टोबरला ती स्पर्धाच रद्द केली. जोखमीपोटी बोलीदाराने किती रकमेची हमी द्यायची, हे ज्या मॉडेलवरून काढलं, ते त्या कामासाठी बनवलेलंच नव्हतं आणि त्यात महागाईचा हिशेब चुकला होता. चारही बोलीदारांचा खर्च सरकारला परत करावा लागला.

एक्सेल की खास सॉफ्टवेअर, ही निवड करताना लोक निविदेची पानं मोजतात. माझ्या मते हात आणि शुद्धिपत्रकं मोजावीत. नगरपालिकेचं चाळीस पानी टेंडर एकाच माणसाने वाचायचं असेल, तर एक्सेल पुरेसं आहे. तिथे महागडं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे ते शिकण्यातच मुदत घालवणं. चार विभागांतली माणसं एकाच वेळी शेरे भरत असतील आणि शुद्धिपत्रकांमागून शुद्धिपत्रकं येत असतील, तर मात्र इतिहास जपणारं साधन हवंच. ते परवडत नसेल तर निदान एक शिस्त पाळावी: जुनी ओळ कधी पुसायची नाही, ‘रद्द’ असा शेरा मारून खाली नवी ओळ घालायची आणि तिच्यापुढे शुद्धिपत्रकाचा क्रमांक व तारीख लिहायची.

खास सॉफ्टवेअर घेतलं म्हणून एक्सेलशी संबंध तुटत नाही. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर दर भरायची बीओक्यू फाइल एक्सेलचीच असते. ती जशी उतरवून घेतली त्याच नावाने, साचा न बदलता पुन्हा चढवावी लागते.