चार सूत पुढं

डिसेंबर १९७८. पाथरीत, माजलगाव रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे बसवणाऱ्या चाचांच्या अंगणात तुम्ही उकिडवे बसला आहात. वय पंधरा, हुद्दा किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर. नखांत ग्रीस, केसांत कापसाचे तंतू. भट्टीवर पाटा लाल झालाय, घणाचा ठोका कानात बसतोय.

गाडी आहे टाटा बारा-दहा. बारा म्हणजे मालासकट १२ टन, दहा म्हणजे शंभरेक घोड्यांची ताकद. कोपऱ्यात एक जुनी गाडी विटांवर उभी आहे, तिच्या तोंडावर अजून मर्सिडीजची चांदणी आहे. टाटांच्या टेल्कोचा जर्मन कंपनीशी १९५४ साली झालेला करार १९६९ला संपला, तेव्हापासून नव्या गाड्यांवर टाटाचा 'टी' येतो.

हंगाम ऐन भरात आहे. राज्यात १९७२ पासून कापूस सरकारच्या एकाधिकार योजनेतच विकायचा, त्यामुळे केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागल्यात. पाथरीला रेल्वे नाही. माल मानवत रोडच्या मीटरगेज स्टेशनापर्यंत न्यायचा तो ट्रकनेच. गाडी एक दिवस उभी राहिली की मालक कावतो.

"चाचा, मागचे पाटे बदलल्यापासून स्टेरिंग उजवीकडं धरून ठेवावं लागतंय," ड्रायव्हर सांगतो. "सोडलं की गाडी डावीकडं जाते."

चाचा स्टेरिंगला हातही लावत नाहीत. "गाडी काळ्या मातीत नको. फरशीवर घे. चार हात मागं, चार हात पुढं, सरळ. शेवटी पुढंच येऊन थांब. ब्रेक दाबू नको."

ब्रेक दाबला की पाटे ताणात अडकतात आणि खोटं माप देतात. गाडी आपसूक थांबते. पुढच्या चाकांना तुम्ही दगड लावता, चारही कोपऱ्यांची हवा पाहिली जाते. मग चाचा तुमच्या हातात ओळंबा देतात.

तुम्हाला वाटतं, हौद्याच्या कडेपासून मोजावं, ती समोरच आहे. चाचा हसतात. "हौदा सुताराचा, चेसिस कंपनीची. आणि पाटा मी बसवलाय, म्हणून पाट्यावरून तर मोजायचंच नाही. ज्याला कुणी हात लावला नाही, तिथून मोज."

तुम्ही गाडीखाली सरपटता. चेसिसच्या दोन्ही बाजूंचे सारखे रिबिट शोधायचे: दोन पुढं, दोन मागं. प्रत्येकाखाली ओळंबा सोडायचा, टोक स्थिर झालं की फरशीवर खडूची फुली मारायची. मग मागच्या आसाच्या हौजिंगच्या दोन्ही टोकांखाली एकेक. एकूण सहा फुल्या. गाडी ढकलून बाजूला काढली की तिचा सांगाडा जमिनीवर पांढऱ्या खुणांत उरतो.

आधी चेसिसच्या चार फुल्यांचे कर्ण. टेपचं एक टोक तुम्ही धरता, दुसरं चाचा. दोन्ही कर्ण सारखे भरतात, म्हणजे चेसिस तिरपी झालेली नाही. हे आधी पाहिलं नसतं, तर पुढची सगळी मापं वाया गेली असती. आता पुढच्या फुलीपासून हौजिंगच्या फुलीपर्यंत, उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा.

डावी बाजू चार सूत कमी. म्हणजे हौजिंगचं डावं टोक अर्धा इंच पुढं सरकलंय.

अर्धा इंच ऐकायला किरकोळ वाटतो. पण दोन पाट्यांमध्ये मीटरभर अंतर धरा आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ४.२ मीटर. म्हणजे सरळ रस्त्यावर गाडीची शेपटी पाच सेंटिमीटरवर उजवीकडं निघालेली. एकपदरी डांबरावर समोरून एसटी आली की ती शेपटी आधी तिच्या बाजूला असते.

कारण पाटे हौजिंगला आवळणारे यू-बोल्ट सैल केल्यावर सापडतं. सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टाचं डोकं हौजिंगवरच्या भोकात बसायला हवं; ते भोकाच्या काठावर चढलंय. वरून यू-बोल्ट आवळले गेले, म्हणून बाहेरून सगळं ठाकठीक दिसत होतं. जॅक लावून हौजिंग हलवलं जातं. डोकं खाली उतरतं, खट्ट. मग चारही नट समोरासमोर, थोडेथोडे आवळायचे.

पुन्हा सहा फुल्या. या वेळी दोन्ही बाजू सूतभरही इकडंतिकडं नाहीत.

चाचांचं समाधान मात्र होत नाही. रस्त्यावर बादलीभर पाणी ओतायला लावतात. ड्रायव्हर गाडी त्यातून सरळ नेतो, तुम्ही मागं धावत ओले पट्टे बघता. पुढच्या चाकाचा पट्टा मागच्या जोडचाकांच्या पट्ट्यांत डावीकडं जिथं पडलाय, तिथंच उजवीकडंही.

"झालं काय चाचा?" ड्रायव्हर पैसे काढतो.

"अर्धं झालं. रिकाम्या गाडीत पाटे नुसते एकावर एक पडलेत. माल पडला की दबतील, एकमेकांत बसतील, नट तेवढेच ढिले होतील. एक खेप मानवत रोडला टाक आणि सरळ इकडं ये, पुन्हा पाना लावतो. नाही आलास, तर डोकं पुन्हा काठावर चढेल आणि तू माझ्याच नावानं बोंब मारशील."