दात काढणे

किडून वाचवता न येणारा, मुळापासून हललेला किंवा आडवा वाढलेला दात हिरडी बधिर करून हाडातील खोबणीतून उपटण्याची शस्त्रक्रिया. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि कर्जत-खोपोलीतील खासगी दवाखाने ही उपचाराची जवळची ठिकाणे. गुंतागुंतीच्या रुग्णांना कामोठे, खारघर येथील दंत महाविद्यालये किंवा लोकलने मुंबई गाठता येते. मधुमेह, हृदयविकार व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधी द्यावी.

दात काढल्यावर कापसाचा किंवा गॉजचा बोळा ३० ते ४५ मिनिटे दाबून धरतात. खोबणीत साकळलेले रक्त जखमेचे रक्षण करते. म्हणून २४ तास चूळ भरणे, थुंकणे, स्ट्रॉने पिणे टाळावे. कोमट पेज, मऊ भात चालतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात. तंबाखू, मिश्री, विडी यांमुळे जखम चिघळते. पहिले दोन-तीन दिवस सूज स्वाभाविक असते. मात्र त्यानंतर वाढणारा ठणका, न थांबणारा रक्तस्राव, ताप किंवा गिळताना त्रास झाल्यास लगेच दवाखाना गाठावा. हिरडी साधारण दोन-तीन आठवड्यांत मिटते. हाड भरायला काही महिने लागतात.