बाळसें आणि दुष्काळ



अंगानें भरलेलें मूल दिसलें कीं आपल्याकडील आजीच्या मुखांतून पहिला उद्गार निघतो तो कौतुकाचा. "खात्यापित्या घरचें दिसतें हो!" असें म्हणून ती कडाकडा बोटें मोडते आणि दृष्ट लागूं नये म्हणून त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावते. ह्याच मुलाचा रक्तदाब वाढलेला असेल, त्याच्या रक्तांतील साखर मर्यादा ओलांडूं लागली असेल, अशी शंकाही तिच्या मनाला शिवत नाहीं. तिच्या ह्या दृष्टीला अज्ञान म्हणून हसणें सोपें आहे. परंतु ती दृष्टि कोठून आली ह्याचा इतिहास पाहिला, तर हसूं येणार नाहीं. त्या इतिहासाविषयींच आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, आपल्या प्राचीन वैद्यांनीं स्थूलतेला कधींच आरोग्य मानलें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'अष्टौनिन्दितीय' नांवाचा अध्याय आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांनाही निंद्य ठरविलें असून, त्या दोहोंत कृशताच बरी, असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. गोड, जड व स्निग्ध अन्नाचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप आणि आईबापांकडून आलेलें बीज, हीं स्थूलतेचीं कारणें तेथें सांगितलीं आहेत. सुश्रुतानें तर प्रमेहाचे दोन प्रकार केले: एक जन्मजात, ज्यांत रोगी कृश असतो, आणि दुसरा कुपथ्यानें होणारा, ज्यांत तो स्थूल असतो. त्याचा उपायही पाहण्यासारखा आहे. निर्धन रोग्यानें अनवाणी शंभर योजनें चालावें, कोणी सतत शेत नांगरावें, नाहीं तर विहीर खणावी!

मग हें शहाणपण लोकांच्या अंगवळणीं कां पडलें नाहीं? ह्याचें उत्तर ग्रंथांत नसून आपल्या भूमींत आहे. बालाघाटाच्या रांगांवर आणि गोदावरीच्या खोऱ्यांत वसलेला आपला बीड जिल्हा पर्जन्यछायेचा. येथें पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि कित्येक वर्षीं येतही नाहीं. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० च्या सुमाराचा दख्खनचा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा आणि पुन्हा १८९९-१९०० चा, अशी ही दुःखाची मालिका आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तर अद्याप घरोघरीं निघते. खडी फोडणारे हात, परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वांटली जाणारी सुकडी हीं ज्यांनीं पाहिलीं, तीं माणसें आजही आपल्यांत आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष मजूर राबत होते.

पूर्वीं आपल्याकडे सुगींत धान्य पेंवांत सांठवीत आणि अवर्षणांत तें पेंव उघडीत. देहावरची चरबी हें निसर्गानें दिलेलें असेंच एक पेंव आहे. ज्या काळीं मूल जगेल कीं जाणार हें दोन महिन्यांच्या अन्नावर ठरे, त्या काळीं ज्याच्या अंगीं बाळसें तेंच मूल तरून जाई. तेव्हां बाळसें म्हणजे आरोग्य, हा निष्कर्ष आजीनें ग्रंथांतून नव्हे, तर स्मशानाच्या वाटेवरून काढलेला आहे. पुढें ठिकठिकाणीं भरूं लागलेल्या 'गुटगुटीत बालक स्पर्धा' ह्याच निष्कर्षाचें नवें रूप होत. तो निष्कर्ष त्या काळापुरता खराच होता. काळ पालटला, निष्कर्ष मात्र तसाच राहिला.

डोळ्यांना न दिसणारें मोजण्याचीं साधनें फार उशिरां आलीं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें यंत्र इटलींतील रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं पुढें आणलें आणि १९०५ सालीं रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनीं नळीनें नाडीचे आवाज ऐकण्याची रीत त्याला जोडली. मधुमेहाचें म्हणाल, तर १९२२ च्या जानेवारींत कॅनडांतील टोरांटो येथें ज्या पहिल्या रोग्याला इन्शुलिन टोंचलें गेलें, तो चौदा वर्षांचा मुलगा होता. त्यापूर्वीं अशा मुलांना उपाशी ठेवून त्यांचें आयुष्य थोडेंफार लांबविण्यापलीकडे वैद्यांच्या हातीं कांहीं नव्हतें. त्या मुलाचा मधुमेह पहिल्या प्रकारचा. त्यांत शरीर इन्शुलिन बनवीतच नाहीं, आणि त्याचा दोष अतिभोजनाला किंवा आईबापांना देतां येत नाहीं. दुसरा प्रकार प्रौढांचा समजला जाई. परंतु १९९० नंतरच्या दशकांत तोही कुमारवयीन मुलांत आढळूं लागला आणि जगभरचे डॉक्टर सावध झाले.

हें घडतें कसें? पोटाच्या भोंवतीं चरबी सांठली कीं इन्शुलिनची आज्ञा शरीर नीट मानीनासें होतें. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन पाझरून साखर कशीबशी ताब्यांत ठेवतें. कांहीं वर्षांनीं तें थकतें आणि साखर चढते. तिकडे वाढलेल्या इन्शुलिनमुळें मूत्रपिंडें मीठ धरून ठेवतात आणि रक्ताचा दाब वर जातो. म्हणजे हे दोन विकार एकाच वेलीचीं दोन फळें होत. मुलाला मात्र ना वेदना, ना ताप.

आतां ह्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचें प्रकरण आपल्या महाराष्ट्रांतच लिहिलें गेलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आपलीं बालकें लहान, त्यांचे स्नायु कमी, पोटांतील इंद्रियेंही लहान. परंतु चरबी मात्र त्या मानानें फारशी घटलेली नव्हती! २००३ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि 'कृश पण चरबीयुक्त भारतीय बालक' ही कल्पना जगापुढें आली. मातेच्या उदरांतच उपासाची चाहूल लागलेला देह जन्मापूर्वींच पेंव भरूं लागतो, असा त्याचा अर्थ. युरोपांतही ह्याला दुजोरा मिळाला. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत नेदरलंड्समध्यें उपासमार झाली, त्या वेळीं गर्भांत असलेल्या मुलांना पुढें प्रौढपणीं साखर पेलण्यास अधिक कठीण जातें, असें तेथील संशोधकांना आढळलें.

तात्पर्य, हा केवळ सुबत्तेचा रोग नव्हे. भुकेच्या पाठोपाठ आलेल्या सुबत्तेचा हा रोग आहे. २०१६ ते २०१८ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाचे आंकडे हेंच सांगतात. कुमारवयीन मुलांत वाजवीपेक्षां अधिक वजनाचीं शेंकडा सुमारें ५ होतीं आणि बारीक शेंकडा २४. तरीही मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेलीं शेंकडा १० निघालीं आणि रक्तदाब वाढलेलीं शेंकडा ५! हे आंकडे शेजारीं ठेवून पाहिले, म्हणजे हा धोका केवळ लठ्ठ दिसणाऱ्या मुलापुरता नाहीं हें उमगतें.

बीड जिल्ह्याला हें विशेष लागू आहे. १९५० सालीं प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागून महाराष्ट्रभर कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं. त्यांचा ऊंस तोडण्यास दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें निघतात. त्यांत गर्भवती स्त्रियाही मोळ्या वाहतात. तिच्या उदरांतील जीव काय शिकत असेल? आणि तेंच मूल पुढें हातीं थोडा पैसा आला, कीं दुकानांतल्या खारट पुड्या, गोड पेयें आणि अधिक साखरेचा चहा यांवर वाढूं लागतें. साखर जगाला पुरविणाऱ्याच्या घरींच तिचें दुखणें यावें, याहून मोठा विपरीत योग तो कोणता?

मग करावयाचें काय? डोळ्यांवर विसंबूं नये, मोजावें. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, ती दुमडून अर्धी करावी आणि पांच वर्षांवरील मुलाच्या कमरेभोंवतीं धरावी. टोंकें जुळत नसतील, तर पोट वाढलें असें समजून डॉक्टरांकडे जावें. मानेच्या मागची कातडी काळी व मखमलीसारखी जाड झाली असेल, तर मळ समजून ती घांसूं नये. ती बहुधा आंत वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. रक्तदाब मोजतांना पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचाच असावा आणि एकदां अधिक आला म्हणून घाबरूं नये. तीन निरनिराळ्या दिवशीं मोजून मगच डॉक्टर निर्णय देतात. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें शाळांत व अंगणवाड्यांत येतात. त्या दिवशीं मुलाला घरीं ठेवूं नये.

एक इशारा मात्र अवश्य देतों. ह्या रोगाचें मूळच भुकेंत आहे. तेव्हां मुलाला उपाशी ठेवणें हा त्यावरील उपाय नव्हे, आणि 'ढोल्या' म्हणून हिणविणें तर मुळींच नव्हे. त्याला बाजरीची भाकरी, वरण, मटकी, पालेभाजी पोटभर द्यावी. पुड्या व गोड पेयें घरांतच आणूं नयेत. रोज निदान एक तास तें मैदानावर धांवलें पाहिजे. चाळीस वर्षें मुलांच्या सहवासांत काढल्यावर एवढें निश्चित सांगूं शकतों, कीं मैदानावर जाण्यास मूल सहसा नाहीं म्हणत नाहीं. नाहीं म्हणतात तीं मोठीं माणसें, आणि तींही अभ्यासाच्या नांवाखालीं.

आणि सर्वांत आधीं जपावें तें आईला. मूल होण्यापूर्वींच तिच्या ताटांत पुरेसें अन्न पडलें, तिच्या डोक्यावरील मोळी त्या नऊ महिन्यांपुरती तरी उतरली, तर तिच्या उदरांतील जीवाला दुष्काळाची भीति वाटणार नाहीं आणि अकारण पेंव भरण्याची त्याला गरज पडणार नाहीं. आजीनें काजळाचा ठिपका अवश्य लावावा. फक्त त्यापूर्वीं सुतळी धरून पाहावी, एवढेंच मागणें.