फराळाचा डबा आणि रेशनचं कार्ड

फराळाचा इतिहास म्हटलं की आपण लगेच आजीच्या हातच्या चवीवर येतो. चव होतीच. पण आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या साध्या घरांत फराळाला काय होणार, हे निम्मंअधिक रेशन दुकानावर ठरायचं.

माझं लहानपण निफाडकडचं. ऐंशीच्या दशकात दिवाळीआधी घरोघर एकच चौकशी, साखर आली का? सणाला कार्डावर थोडी जादा मिळायची. गंमत बघा, निफाडला साखर कारखाना, पळशाला दुसरा, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, आणि आई पिशवी घेऊन रांगेत! ती लेव्हीची साखर. कारखान्यांनी ठरावीक वाटा सरकारला कमी दरात द्यायचा, तोच कार्डावर यायचा. ही लेव्ही 2013 मध्ये बंद झाली.

तेलही तसंच. बाहेरदेशातून आलेलं पामतेल. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, कॅनमध्येच थिजायचं. आई सकाळी कॅन उन्हात ठेवायची, दुपारी शेव. गार शंकरपाळी टाळूला चिकटायची, तरी डबा चार दिवसांत रिकामा.

आजीला आमच्या तक्रारींचं हसू यायचं. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी, रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्या दिवाळीत कढई चढलीच नाही. मिलोची भाकरी कुस्करून, गूळ घालून मलिदा केला, तोच देवाला दाखवला. करंज्या भरताना हे ती दरवर्षी सांगायची. आम्ही कंटाळायचो.

2022 ला ‘आनंदाचा शिधा’ आला. 100 रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर किलो-किलो आणि लिटरभर पामतेल. पिशवीवर पुढाऱ्यांचे फोटो, कित्येक ठिकाणी वाटप उशिरा. आम्ही पत्रकारांनी झोडपलं, ते बरोबरच होतं. पण वस्तू बघा. रव्याचे लाडू झाले, डाळ गिरणीतून आणली की शेव झाली. पुढच्या दिवाळीत मैदा-पोहे वाढले, म्हणजे शंकरपाळी आणि चिवडाही. यादी करणाऱ्याला स्वयंपाकघर कळत होतं.

2025 च्या दिवाळीत शिधा आला नाही. कारण, पैसा नाही. अन्नपुरवठा खातं आपल्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांकडे, तरीही.

तुमच्या घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर 72 च्या दिवाळीला काय केलं होतं ते विचारा आणि कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा.