दर दोन तासांनी कूस

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही. आज एका जखमेचा इतिहास आहे. डॉक्टर तिला बेडसोर म्हणतात, पुस्तकात शय्याव्रण म्हणतात आणि आपल्या घरांत "पडून पडून पाठ सोलली" म्हणतात. ती जखम.

मी या विषयात कसा शिरलो, ते आधी सांगतो. एप्रिल २०२१. बाबा नाशिकच्या एका हॉस्पिटलात, कोविड वॉर्डात. आत कुणालाच सोडत नव्हते. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला सुचलं काय, तर एक शीट! ऑक्सिजन, ताप, सीआरपी, इंजेक्शनं. रोज फोन करायचा आणि आकडे भरायचे. एकोणीस दिवसांनी बाबा घरी आले. सोसायटीत टाळ्या वाजल्या. संध्याकाळी आईने त्यांचे कपडे बदलायला घेतले आणि मला हाक मारली, "अरे, जरा इकडे ये."

माकडहाडावर दहाच्या नाण्यापेक्षा मोठी, काळपट जखम होती. नाकाच्या दांड्यावर मास्कचा वेगळा व्रण. ऑक्सिजन तीन आठवड्यांत जागेवर आला, पण ती जखम भरायला चार महिने लागले. माझ्या शीटमध्ये कातडीसाठी कॉलमच नव्हता.

मला भयंकर राग आला. चूक कुणाची? हा प्रश्न घेऊन वाचत सुटलो, तर कळलं की हे भांडण दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सालपेत्रिएर हॉस्पिटलात ज्याँ-मार्तिन शार्को नावाचे मोठे मेंदूविकारतज्ज्ञ होते. त्यांचं म्हणणं, ही जखम मेंदूला किंवा मज्जारज्जूला झालेल्या इजेमुळेच उठते. म्हणजे ती दिसली की पेशंटची वेळ भरली. ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून उलटं दाखवलं होतं. शरीर लुळं असलं तरी दाब टाळला आणि अंग कोरडं, स्वच्छ ठेवलं, तर जखम होत नाही. पण वजन शार्कोंच्या शब्दाला होतं. तिकडे इंग्लंडमध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात ठणकावून सांगितलं की अशा जखमेचा दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. हे वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, सिस्टरचीच चूक!

थांबा, पुढे ऐका. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला. प्रमुख होते लुडविग गुटमान, नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू डॉक्टर. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक सैनिक याच जखमांनी आणि लघवीच्या इन्फेक्शनने गेले होते. गुटमान यांनी नियम घातला: प्रत्येक पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. पेशंट जगायला लागले. इतके की २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथल्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ जणांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पुढे त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं.

कूस बदलल्याने होतं काय? हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, तिथलं मांस उपाशी मरतं. तुम्ही-मी झोपेतही नकळत हलतो. गुंगीतल्या पेशंटला ते जमत नाही. आता यात कोविड घाला. रक्तात ऑक्सिजन आधीच कमी, ताप, घाम, पोटात अन्न नाही. त्यात बाबांसारखं अर्धवट बसवून ठेवलं, तर अंग खाली घसरतं आणि कातडी आतून ओढली जाते.

आणि इथे एक पेच आहे. फुफ्फुसं फार खराब झाली की पेशंटला पालथं झोपवतात. फ्रान्समध्ये क्लोद गेरां यांच्या चमूने ४६६ पेशंटवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. रोज किमान सोळा तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू साधारण ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. निम्मे! पण दाबाच्या जखमा वाढल्या, आणि त्या गालावर, हनुवटीवर, छातीवर. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड कमी झाला नाही, फक्त दुसऱ्या सर्व्हरवर गेला. २०२० मध्ये जगभरच्या आयसीयूंत हेच झालं. आपल्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये घरी पालथं कसं झोपायचं, मानेखाली, छातीखाली, नडग्यांखाली उशा कशा ठेवायच्या, याची चित्रं काढली होती, आठवतात? त्यातही सूचना होती, हाडांच्या जागी जखम होते का बघा. मी ते फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केलं होतं. ती ओळ वाचली नव्हती.

व्हेंटिलेटरवरच्या एका माणसाला पालथं करायला चार-पाच जण लागतात. पीपीई किटमध्ये, नळ्या सांभाळत. जखम भरत आल्यावर मी त्या वॉर्डातल्या सिस्टरना फोन केला. भांडायलाच. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, रात्री आम्ही दोघीच होतो. तुमच्या बाबांची कूस बदलायची, की शेजारच्या बेडचा संपलेला सिलिंडर बदलायचा?" मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाल्या, "आमच्या नाकावर पण तसलाच व्रण आहे." एन-९५ चा.

नाइटिंगेल चुकल्या नव्हत्या. पण गुटमान यांचा नियम चालला, कारण रात्री तीन वाजताही कूस बदलायला तिथे माणसं होती. आपल्याकडे त्या महिन्यात बेड मोजले, सिलिंडर मोजले. हात कुणी मोजले?

म्हणून घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर एवढं करा. टाचा, खुबे, माकडहाड रोज बघा. लाल डाग बोटाने दाबून फिका पडत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा, जागा गरम किंवा कडक लागते का. आणि हॉस्पिटलला फोन केलात, तर सॅच्युरेशनच्या जोडीला विचारा, "आज कूस किती वेळा बदलली?" आवाज न चढवता विचारा.

बाबा आता बरे आहेत. सोफ्यावर अर्धा तास एकाच जागी बसले की आई अजूनही म्हणते, "अहो, जरा हला की!"

भेटू पुढच्या भागात.